अप्पांसाठी मागची सीट

२ मार्च, रविवार. सकाळी ११.४०
घेतली.
जर्मन. काळी. एकोणीस वर्षांची आहे, पण अंगावर वय दिसत नाही. कंपनीचं नाव इथे लिहिणार नाही, नजर लागते. नाकावर चिन्ह आहे, ज्याला कळायचं त्याला कळतं. आधीचे मालक तीन. शेवटचे दातांचे डॉक्टर. त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि मी गाडीत बसायच्या आत गेट लावून घेतलं. फार जड जात असणार बिचाऱ्यांना.
ही डायरी गाडीबरोबरच घेतली. हिच्यात फक्त गाडीचं लिहायचं. ओनरशिपचा अनुभव. रोज. शिस्त म्हणजे शिस्त.
पैशांचा विषय इथे नको. तो घरात पुरेसा झाला आहे.

दुपारी ४
उद्देश एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे बायकोने पुन्हा विचारलं तर डायरीच पुढे करता येईल.
अप्पा, म्हणजे माझे वडील, बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. एकाच साहेबांकडे, याच कंपनीच्या गाड्यांवर. साहेबांनी चार गाड्या बदलल्या, अप्पा बदलले नाहीत. बत्तीस वर्षं पुढे. मागच्या सीटवर गेले ते फक्त ती साफ करायला. दर रविवारी साहेबांना धरणावरच्या गेस्ट हाउसला न्यायचे. बासष्ट किलोमीटर. साहेब व्हरांड्यात बसून कॉफी घेत आणि अप्पा खाली झाडाजवळ डबा खात.
वीस एप्रिलला अप्पा ब्याऐंशी पूर्ण करतील. त्या दिवशी मी ड्रायव्हर आणि अप्पा मागे. धरण. व्हरांडा. कॉफी. मी दार उघडून धरणार. हार्टचे डॉक्टर म्हणाले आहेत की हृदय आता जेमतेम पाव काम करतं, काय हौस असेल ती करून घ्या. तर हौस ही.

संध्याकाळी ६
अप्पांना खाली आणून गाडी दाखवली. वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. आलं नाही. एक चक्कर मारली, चारही टायर बघितले, बॉनेटवर तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवला. मग म्हणाले, चावी दे जरा.
मी हसलो. म्हटलं अप्पा, तुमचे चावीचे दिवस संपले, आता तुम्ही मागे बसायचं. ते हं म्हणाले. मी इंजिन सुरू करून दाखवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, पाणी पितेय ही.
आता पाणी कशाला पिईल. म्हातारपण.

५ मार्च, बुधवार
कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक मागवलं. चारशे पानं, फोटोंसहित. जी वस्तू घरात आणली तिचं घराणं माहीत असायला हवं. रोज जेवताना दोन पानं मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं आहे. आज पहिलं प्रकरण वाचलं: संस्थापकांचं वर्कशॉप, पहिलं इंजिन, पहिली गाडी, ती म्हणे ढकलूनच सुरू व्हायची. ही म्हणाली म्हणजे घराण्याची रीतच आहे. अप्पा खोकल्यासारखे हसले. मी पुढचं पान वाचलं नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९
डॅशबोर्डवर पिवळा दिवा. मॅन्युअल बघितलं. पिवळा म्हणजे सूचना, लाल म्हणजे थांबा. लाल नाही, याचा अर्थ गाडी उत्तम आहे आणि फक्त बोलते आहे. साध्या गाड्या बोलत नाहीत. हिची ती चौदा वर्षांची छोटी गाडी, आमची डबी, आजवर एक अक्षर बोललेली नाही.

सकाळी १०.३०
दुसरा पिवळा दिवा.

दुपारी १
लाल.

१९ मार्च, बुधवार
मेकॅनिक शोधला. जर्मन गाड्या फक्त हाच करतो. सगळे त्याला प्रोफेसर म्हणतात, कारण एक प्रश्न विचारला की पाऊण तास लेक्चर देतो. बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि पाच मिनिटं काहीच बोलला नाही. हे प्रथमच झालं असावं. मग म्हणाला, अशा गाडीला मालक असून चालत नाही, ड्रायव्हर लागतो. रोज कान देऊन ऐकणारा.
म्हटलं ड्रायव्हर मीच. तो म्हणाला बरं.
कूलंट कमी होतंय म्हणे. म्हणजे गाडीचं पाणी. कुठे जातंय ते बघायला इंजिन उघडावं लागेल. अप्पांना सांगितलं नाही. उगाच त्यांना वाटेल आपलं बरोबर होतं.

३० मार्च, रविवार
गाडी गॅरेजमध्ये.
एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. ही आणि अप्पा हल्ली सकाळी डबी घेऊन भाजीला जातात. डॉक्टर म्हणाले होते अप्पांना थोडी हवा लागू द्या, म्हणून. पण भाजीला दीड तास? कोपऱ्यावरचं दुकान चालत पाच मिनिटं. आज आणली काय, तर एक फ्लॉवर. बायकांना भाव करायला वेळ लागतो हे खरं, पण अप्पांनी तरी आटपा म्हणायला हवं.
अप्पा आले की त्यांच्या जुन्या लांबट वहीत काहीतरी लिहितात. औषधांच्या वेळा असतील.

६ एप्रिल, रविवार
हिने आज डबी एका फटक्यात रिव्हर्स लावली. दोन खांबांच्या मधे. इतकी वर्षं तीन वेळा पुढे-मागे, मग मला हाक. घरात चांगली गाडी आली की सगळ्यांचंच ड्रायव्हिंग सुधारतं. तसं बोलूनही दाखवलं. ती आणि अप्पा एकमेकांकडे बघून हसले. पटलं असावं.

१८ एप्रिल, शुक्रवार
गाडी आली! प्रोफेसर म्हणाला तात्पुरतं केलंय, खरा पार्ट जर्मनीहून यायचा आहे, लांब नेऊ नका. बासष्ट किलोमीटरला लांब म्हणत नाहीत. पुस्तकात आहे, तिकडे लोक या गाड्यांतून नाश्त्याला दुसऱ्या देशात जातात.
गेस्ट हाउसला फोन केला. व्हरांड्यातलं कोपऱ्यातलं टेबल. साहेब तिथेच बसायचे, अप्पांनीच एकदा सांगितलं होतं.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ७
अप्पा सहालाच तयार. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बूट पॉलिश केलेले. ड्युटीवर जायचे तसेच. आज ड्युटी माझी, त्यांना सांगितलं. मी मागचं दार उघडून धरलं. बसले. हात कुठे ठेवावेत कळेना म्हणून मांडीवर ठेवले. ही डबा घेऊन वर थांबली आहे, गाडी वळवली की येईल.

सकाळी ७.१५
सुरू होत नाही.

सकाळी १०
झालं. म्हणजे झालं नाही.
सव्वा तास पार्किंगमध्ये बसलो. प्रोफेसरचा फोन बंद, रविवार. मी सेल मारतोय, गाडी नुसती खाकरतेय. बिल्डिंगचे चेअरमन कुत्र्याला फिरवताना दोनदा थांबले आणि दुसऱ्या वेळी फरशीवरच्या ऑइलच्या डागाबद्दल बोलले. वाढदिवसाच्या दिवशी!
मधेच अप्पा मागून उतरले आणि पुढे माझ्या शेजारी येऊन बसले. म्हटलं मागे बसा ना. म्हणाले मागून रस्ता दिसत नाही. कुठला रस्ता, समोर भिंत होती. मग म्हणाले, चावी दे, मी एकदा बघतो. म्हटलं नको, तुम्हाला जोर पडेल.
मग काहीतरी जुनं काढलं. मी नऊ वर्षांचा असताना ते एकदा साहेबांची गाडी घेऊन दुपारी घरी आले होते, डबा विसरला म्हणून. मी म्हणे फार हट्ट केला, एकदा बसू द्या, नुसतं बसू द्या. आणि त्यांनी दार उघडलं नव्हतं. मालकाची गाडी होती. मी म्हणे गाडी वळेपर्यंत काचेला हात लावून पळत होतो. म्हणाले, त्या दिवशी तुला बसवायला हवं होतं, पाच मिनिटांनी काय बिघडलं असतं. पंचेचाळीस वर्षं डोक्यात आहे म्हणाले.
मी बॅटरीचा विचार करत होतो. म्हटलं जाऊ द्या अप्पा, मला आठवत पण नाही.
आठवतं.
सकाळ वाया गेली. नवी तारीख लवकरच ठरवतो.

४ मे, रविवार
पार्ट निघाला आहे.

११ मे, रविवार
पार्ट पोचला आहे, पण आपल्या देशात नाही. वाटेत कुठेतरी.
अप्पांच्या पायांना सूज. औषध वाढवलं. जिने चढताना दोनदा थांबतात. मी त्यांना म्हटलं थोडी कळ काढा, पार्ट येतोय. म्हणाले कुणाचा?
पुस्तकाचं नववं प्रकरण वाचतोय. मंदीच्या काळात कंपनी बुडायला आली होती, पण मालकाने दर्जात तडजोड केली नाही. या माणसाला मी ओळखतो असं वाटतं.

२५ मे, रविवार. संध्याकाळी ७
दिवसभर गॅरेज. प्रोफेसरने इंजिन उघडून टेबलावर मांडलं होतं. मी नुसतं शेजारी उभं राहायला गेलो होतो. आपल्या माणसाचं ऑपरेशन असलं की थांबतोच ना आपण.
ही आणि अप्पा सकाळी सातला डबीतून गेले ते आत्ता आले. हिच्या बहिणीकडे गेलो होतो म्हणाली. इतका वेळ? अप्पांचा चेहरा उन्हाने लाल, बुटांना माती. पण जेवले चांगले, बऱ्याच दिवसांनी. हिच्या बहिणीकडे बाग आहे, तिथली माती असेल.
मी हिला सुनावलं की या तब्येतीत त्यांना त्या डबीतून असं हिंडवणं बरं नाही, हाडं खिळखिळी होतील. त्यांचा पहिला मोठा प्रवास आपल्या गाडीतूनच व्हायला हवा.  ही ताटं उचलून आत गेली.

८ जून, रविवार
पार्ट बसला! ट्रायल शनिवारी. पंधरा तारखेला, रविवारी, धरण. या वेळी पक्कं. प्रोफेसरसुद्धा चालेल म्हणाला. म्हणजे म्हणाला, चालेल बहुतेक. पण तो अभ्यासू माणूस आहे, बहुतेक तो सगळ्यांनाच लावतो.
अप्पा आता बहुतेक वेळ पलंगावर. त्यांना तारीख सांगितली. म्हणाले, बरं. मग म्हणाले, गाडी आली की चावी मला दे. नुसता सेल मारतो. आवाज कळतो त्यावरून.
म्हटलं रविवारी बघू.

१४ जून, शनिवार. सकाळी १०.१५
रिंग रोडच्या कडेला थांबून लिहितो आहे. काय चालते! बारा किलोमीटर, एक दिवा नाही. ना पिवळा, ना लाल. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस वळून बघत होता. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं नाही.
फोन सायलेंट करून डिकीत टाकला आहे. इंजिनाचा आवाज नीट ऐकायचा होता. अप्पांसारखा, मान तिरकी करून. मला तरी काही पाणी-बिणी पिताना ऐकू येत नाही. उद्या त्यांना म्हणणार, ऐका आता.
अजून एक चक्कर मारतो आणि घरी.

२६ जून, गुरुवार
अप्पा गेले. चौदा तारखेला, सकाळी दहा-साडेदहाच्या मधे.
डिकीतून फोन काढला तेव्हा हिचे अकरा मिस्ड कॉल होते.

२८ जून, शनिवार
काही गोष्टी नोंदलेल्या बऱ्या.
फोन सायलेंट होता हे खरं. पण मी घरी असतो तरी काही वेगळं झालं नसतं, हे डॉक्टरच म्हणाले. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता म्हणून हिने त्यांना डबीतूनच नेलं. वॉचमनने उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि तो स्कूटरवरून पाठोपाठ निघाला. मागे आडवं करू या तो म्हणत होता, अप्पा नको म्हणाले.
पुलाच्या चढावर ही घाबरून दुसऱ्या गिअरवरच रेटत होती. अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, तिसरा टाक. तिने टाकला. मग काही बोलले नाहीत.
आणि हेही नोंदवायला हवं की त्या दिवशी गाडी सुरू होती. एकही दिवा नव्हता. मी हॉस्पिटलला सरळ तिच्यातूनच गेलो. बाहेर आलो तेव्हा सुरू झाली नाही, तो भाग वेगळा. अप्पांच्या मागोमाग घरी मी वॉचमनच्या स्कूटरवरून आलो.

२९ जून, रविवार. सकाळी
हिने ती लांबट वही आणून दिली. म्हणाली तू वाच, मी आत आहे.
औषधांच्या वेळा नाहीत. लॉगबुक आहे. साहेबांकडे असताना ठेवायचे तसंच, रेघा मारून. तारीख, कुठून, कुठे, किलोमीटर, कामाचा प्रकार, शेरा. कपाटात अशा अठ्ठावीस वह्या आहेत, लहानपणापासून बघतोय. सगळ्यांत कामाचा प्रकार एकच, पानापानावर: साहेबांचं. ही एकोणतिसावी. हिच्यात सगळीकडे: खासगी.
काही ओळी उतरवून घेतो.
१० मार्च. घर ते बंद कारखान्याचं मैदान. ५ किमी. खासगी. सूनबाईने चावी दिली. सोळा वर्षांनी स्टिअरिंग धरलं. हात विसरले नाहीत.
१४ मार्च. मैदान. ५ किमी. सूनबाईचा रिव्हर्स कच्चा. शिकवणार.
३० मार्च. मैदान. ६ किमी. रिव्हर्स पक्का. भाजी घ्यायची विसरलो, परतताना एक फ्लॉवर.
मी ही ओळ वाचून हसलो. मग वही मिटून ठेवली.

सकाळी ११
पुढे.
२५ मे. घर ते धरण आणि परत. १२४ किमी. खासगी. मैदानापर्यंत मी चालवली, पुढे सूनबाई. सूनबाई म्हणाली व्हरांड्यात बसू. बसून बघितलं. तिथून गाडी दिसत नाही. झाडाखाली गेलो, डबा तिथेच खाल्ला. शेरा: मुलाला सांगू नये. त्याची हौस आहे.
हिला विचारलं. म्हणाली, अप्पांनी शपथ घातली होती. म्हणाले होते, त्याने आपल्यासाठी एवढी गाडी आणली, आधी गेलो कळलं तर खट्टू होईल. त्याच्याबरोबर जाईन तेव्हा व्हरांडा पहिल्यांदाच बघतोय असं दाखवेन. मी विचारलं, मी त्यांना चावी का दिली नाही असं कधी काही बोलले का? ती म्हणाली नाही. मग म्हणाली, तू देशील असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

दुपारी ३
एक ओळ राहिली होती. पान चिकटलेलं होतं.
२० एप्रिल. पार्किंग ते पार्किंग. ० किमी. खासगी. मुलासोबत सव्वा तास. मालकाच्या गाडीत मुलाशेजारी बसलो. मालक तोच. राहिलेलं बोलून झालं. शेरा: आजवरची सगळ्यात चांगली फेरी.
मी त्या दिवशी सकाळ वाया गेली असं लिहिलं आहे. दहा पानं मागे आहे, माझ्याच अक्षरात. खोडायला गेलो. खोडलं नाही.
मला तो दिवस आठवतो, अप्पा. काच गरम होती. तुम्ही आरशात बघत होतात आणि गाडी अगदी हळू चालवत होतात, माझा पाय चाकाखाली येऊ नये म्हणून. तेवढं सांगायचं होतं. डोक्यात बॅटरी होती.

६ जुलै, रविवार. सकाळी
प्रोफेसर म्हणाला दुरुस्त करू नका, पार्टसाठी द्या. एक जण आहे, जुन्या जर्मन गाड्या खोलून पार्ट विकतो. आज तो टोइंगची गाडी घेऊन आला. मी त्याला कंपनीचा इतिहास सांगायला लागलो होतो, मंदीचं प्रकरण. तो म्हणाला साहेब, हँडब्रेक काढा.
पुस्तकही त्यालाच दिलं.
ही डायरीही आज संपवतो. लिहायला आता गाडी नाही. शेवटची नोंद अप्पांच्या रेघा मारून करतो, त्यांच्याच वहीत, त्यांच्या ओळींच्या खाली. तीच इथे:
६ जुलै. पार्किंग ते भंगारवाला. ९ किमी, ओढत. मागची सीट रिकामी. खासगी. शेरा: त्याने चावी मागितली. मागितल्याबरोबर दिली.